देशोदेशींच्या चुली

पुण्याहून अथवा नाशिकहून न्यू जर्सीस निघालेल्या कुटुंबाच्या सामानातील पुरणयंत्र, पोळपाट, लाटणे, मिसळणाचा डबा या वस्तू तेथील ओट्यावर पहिल्या दिवसापासून रुजू होतात. परंतु ज्या मिक्सरने इकडे वर्षानुवर्षे विनातक्रार चटणी वाटली, तो मात्र तेथे निरुपयोगी ठरतो, कारण एक तर त्याची तीन गोल दांड्यांची पिन तेथील भिंतीतल्या चपट्या फटींत शिरत नाही, आणि बाजारातून जोडणी आणून ती शिरवलीच, तरी पाते इतक्या मंद गतीने फिरते की डाळ धड वाटली जात नाही. म्हणूनच आपल्याकडील कारखाने परदेशी जाणाऱ्यांसाठी ११० व्होल्टचे निराळे मिक्सर बनवितात. तफावत मिक्सरपाशी थांबत नाही. अमेरिकेत भिंतीवरचे बटण वर केले की दिवा लागतो, आपल्याकडे आणि इंग्लंडात ते खाली करावे लागते. लंडनमधील कित्येक घरांच्या न्हाणीघरात छतापासून लोंबणारी दोरी ओढल्याखेरीज उजेड पडत नाही, आणि त्याच न्हाणीघरातील बेसिनवर गरम व गार पाण्याच्या तोट्या एकमेकींपासून वीतभर अंतरावर असल्याने कोमट पाण्याने हात धुण्याची सोयच नसते. न्यूयॉर्कमधील पहिला मजला रस्त्याच्या पातळीवर असतो, मुंबईतील पहिला मजला एक जिना चढल्यावर लागतो.

'घरोघरी मातीच्या चुली' ही आपली म्हण मनुष्यस्वभावापुरती खरी आहे. चुलींविषयी मात्र ती तितकीशी खरी नाही. या तफावतींचे कारण सांगताना बहुधा लोकस्वभावाकडे बोट दाखविले जाते, म्हणजे इंग्रज जुन्याला धरून राहणारा, अमेरिकन घाईचा, जपानी शिस्तीचा, म्हणून त्यांची घरेही तशी, असे म्हटले जाते. माझ्या मते हे स्पष्टीकरण आळशीपणाचे आहे. यांतील बहुतेक प्रत्येक रीतीला एक तारीख असते, एक तात्कालिक अडचण असते आणि त्या अडचणीवर त्या वेळी काढलेली एक तोड असते. अडचण पुढे सरते, पण तोड भिंतीत चिणली गेलेली असते, आणि तिच्याभोवती कारखाने, कायदे व माणसांच्या हातांच्या सवयी इतक्या गुंतून जातात, की ती काढून टाकणे हे नवे घर बांधण्याहूनही खर्चाचे होऊन बसते.

दाब, प्रवाह आणि कोळशाची तार

मिक्सरचे कोडे उलगडण्यासाठी प्रथम दोन शब्द नीट समजून घेतले पाहिजेत. गच्चीवर पाण्याची टाकी असली म्हणजे ती जितकी उंच, तितके खालच्या नळाला पाणी जोराने येते. हा जोर म्हणजे दाब, आणि नळातून दर क्षणी जेवढे पाणी वाहते तो प्रवाह. विजेच्या बाबतीत दाब व्होल्टमध्ये मोजतात आणि प्रवाह अँपिअरमध्ये. दोहोंचा गुणाकार केला की उपकरणाला मिळणारी शक्ती वॅटमध्ये निघते. तेच काम थोड्या दाबाने व मोठ्या प्रवाहाने करता येते, किंवा मोठ्या दाबाने व थोड्या प्रवाहाने. परंतु तारेत उष्णतेच्या रूपाने जी वीज वाया जाते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून दाब दुप्पट केला तर त्याच कामासाठी प्रवाह निम्मा पुरतो आणि त्याच जाडीच्या तारेतील नासाडी चौथ्या हिश्श्यावर येते. तांबे महाग असल्याने वीज विकणाऱ्याच्या दृष्टीने दाब जितका अधिक तितका चांगला.

मग एडिसनने थोडा दाब का निवडला? ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथे त्याचे वीजकेंद्र सुरू झाले, तेव्हा त्याला मिक्सर, इस्त्री वा शीतकपाट चालवावयाचे नव्हते. त्याला दिवे विकावयाचे होते, आणि त्याच्या दिव्यातील तार कोळशाची होती. दाब वाढवावा तर ही तार अधिक लांब आणि अधिक बारीक करावी लागते, आणि कोळशाची तशी तार टिकत नाही. सुमारे १०० व्होल्टच्या आसपास दिवा बरा टिकत होता, वाटेतील घट भरून काढण्यासाठी त्यात थोडी भर घालून ११० ही संख्या ठरली. म्हणजे न्यू जर्सीतील मराठी गृहिणीच्या मिक्सरचा प्रश्न एका ठिसूळ काळ्या तारेपासून सुरू होतो.

युरोपात विजेचा प्रसार थोडा मागाहून झाला, आणि तोपर्यंत दिवेही सुधारत चालले होते. बर्लिनच्या वीज कंपनीने १८९९ च्या सुमारास आपला पुरवठा २२० व्होल्टवर नेण्याचे ठरविले, तेव्हा ग्राहकांची उपकरणे बदलून देण्याचा खर्च वाचलेल्या तांब्यातून भरून निघण्याइतकी ग्राहकसंख्या मर्यादित होती. जर्मनीचा कित्ता युरोपातील इतरांनी गिरविला. इंग्लंड २४० व्होल्टवर स्थिरावले आणि त्याच्या अमलाखालील हिंदुस्थानात तोच सुमार आला. अमेरिकेत मात्र तोवर घराघरांत ११० व्होल्टचे दिवे लागलेले होते. तेथे मधला मार्ग असा काढण्यात आला, की घरापर्यंत तीन तारा न्याव्यात, त्यांपैकी मधली आणि कोणतीही एक बाहेरची यांमध्ये दाब १२० व्होल्ट असावा, आणि दोन बाहेरच्या तारांमध्ये २४०. आजही अमेरिकन घरात दिवा, रेडिओ, मिक्सर हे १२० वर चालतात, आणि विजेची मोठी शेगडी, कपडे वाळविण्याचे यंत्र व पाणी तापविण्याची टाकी यांना २४० ची स्वतंत्र जोडणी असते.

आता हिशेब सोपा आहे. आपली २३० व्होल्टची ७५० वॅटची इस्त्री अमेरिकेतील १२० व्होल्टवर लावली तर दाब जवळजवळ निम्मा झाल्याने तिच्यातील प्रवाहही निम्मा होतो, आणि दोन्ही निम्मे झाल्याने उष्णता चौथ्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे सुमारे २०० वॅट, एवढीच उरते. साडीची घडीदेखील त्यावर बसणार नाही. उलट अमेरिकेहून आणलेली इस्त्री येथे लावली, तर तिच्यात साडेतीन पटींहून अधिक उष्णता निर्माण होते आणि ती जळून जाते. पहिला प्रमाद निरुपद्रवी, दुसरा धोक्याचा, हे परदेशांतून उपकरणे आणणाऱ्यांनी पक्के ध्यानात ठेवावे. मोबाइल अथवा संगणकाच्या चार्जरवर मात्र बहुधा '१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असे छापलेले असते. तो दोन्हीकडे चालतो, अडते ते फक्त पिनेचे.

> चौकट : एक लिटर पाणी उकळेपर्यंत
>
> २० अंश सेल्सिअसचे १ लिटर पाणी १०० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते, आणि १ किलोवॅटची किटली दर सेकंदास १ किलोज्यूल देते. ब्रिटिश भिंतीतून १३ अँपिअर मिळत असल्याने तेथील किटली ३ किलोवॅटची असू शकते. वाया जाणारी उष्णता सोडून दिली तर पाणी दोन मिनिटांच्या आत उकळते. अमेरिकेतील साधी जोडणी १५ अँपिअरची, म्हणजे १२० व्होल्टच्या हिशेबाने अधिकात अधिक १.८ किलोवॅटची, किटली सहसा १.५ किलोवॅटची, वेळ पावणेचार मिनिटे. जपानात दाब केवळ १०० व्होल्ट असल्याने १.२ किलोवॅटच्या किटलीला साडेचार मिनिटांहून अधिक लागतात. इंग्रज घरात विजेची किटली अपरिहार्य, आणि कित्येक अमेरिकन घरांत चहाचे पाणी अजून शेगडीवर, यामागे आवडीनिवडीइतकाच हा हिशेबही आहे.

एका देशात दोन वारंवारता

दाबाचा प्रश्न ट्रान्सफॉर्मरने सोडविता येतो. दुसरा एक प्रश्न त्यानेही सुटत नाही. आपल्या घरांत येणारा प्रवाह एकाच दिशेने वाहत नाही, तो पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो. अशा एका पूर्ण येरझारेला आवर्तन म्हणतात, आणि दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांची संख्या, म्हणजेच वारंवारता, हर्ट्झमध्ये सांगतात. आपल्याकडे ती ५० आहे, अमेरिकेत ६०. मिक्सरमधील मोटर अशा बनावटीची असते की तिला या संख्येचे फारसे सोयरसुतक नसते, परंतु छताच्या पंख्याची गती हिच्यावरच अवलंबून असते, आणि विजेच्या आवर्तनांवर चालणाऱ्या जुन्या घड्याळांचा तर हाच एकमेव आधार. ५० आवर्तनांसाठी केलेले असे घड्याळ योग्य दाबाने अमेरिकेत चालविले, तर खऱ्या एका तासात त्याचे काटे ७२ मिनिटे पुढे सरकतात.

दोन देशांमध्ये असा फरक असावा हे समजण्याजोगे आहे. पण जपानमध्ये तो एकाच देशाच्या दोन भागांत आहे. १८९५ मध्ये टोकियोच्या वीज कंपनीने जर्मनीच्या एईजी कंपनीची जनित्रे आणली, ती ५० आवर्तनांची होती. त्यानंतर लवकरच ओसाकाच्या कंपनीने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून जनित्रे घेतली, ती ६० ची. दोन शहरे एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर, प्रत्येकाचे जाळे लहान. ही दोन जाळी वाढत वाढत एक दिवस एकमेकांना भिडतील, हा विचार त्या खरेदीच्या वेळी कोणाच्याही दप्तरी नव्हता. ती भिडली तेव्हा पॅसिफिककडील फुजी नदीपासून जपानी समुद्राकडील इतोइगावापर्यंत एक अदृश्य सीमारेषा देशाच्या मधोमध पडली. एका जाळ्यातील सर्व जनित्रांची आवर्तने तंतोतंत एका ठेक्यात असावी लागतात, म्हणून दोन्ही भाग तारेने सरळ जोडता येत नाहीत. प्रत्यावर्ती प्रवाहाचे आधी एकदिश प्रवाहात रूपांतर करून मग त्यातून दुसऱ्या वारंवारतेचा प्रवाह पुन्हा घडवावा लागतो. यासाठीचे पहिले रूपांतरण केंद्र साकुमा येथे १९६५ मध्ये उभे राहिले.

गृहस्थाला याची झळ अशी लागे की, ओसाकाहून टोकियोस बदली झालेल्या कुटुंबाला आपले धुलाईयंत्र अथवा सूक्ष्मलहरींची भट्टी चालेल की नाही, की तिच्यातील भाग बदलून घ्यावा लागेल, याची आधी चौकशी करावी लागत असे. अलीकडची पुष्कळ उपकरणे दोन्ही वारंवारतांवर चालतात, त्यामुळे घरातील अडचण बरीचशी संपली. देशाची मात्र संपली नाही. ११ मार्च २०११ रोजी भूकंप व त्सुनामीने पूर्व जपानातील वीजकेंद्रे बंद पाडली, तेव्हा पश्चिमेकडून टोकियोकडे वीज वळविण्याची एकूण क्षमता सुमारे १० लाख किलोवॅटच होती. टोकियोच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये पाळीपाळीने अंधार करावा लागला, आणि त्याच वेळी त्याच देशाच्या दुसऱ्या भागातील रस्ते उजळलेले होते. दोन व्यापाऱ्यांच्या दोन खरेदीपत्रांचा परिणाम ११० वर्षांहून अधिक काळानंतर असा लक्षावधी घरांत उमटावा, याहून या विषयाचे गांभीर्य दाखविणारे उदाहरण मला ठाऊक नाही.

अशी गाठ सोडविता येते, पण वेळेवर. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने नायगाऱ्याच्या विजेवर चालणारे आपले २५ आवर्तनांचे जाळे १९४९ पासून सुमारे दहा वर्षांत ६० वर आणले, आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील मोठ्या जाळ्याने १९४८ मध्ये ५० सोडून ६० स्वीकारले. दोन्ही ठिकाणी लोकांच्या घरांतील घड्याळे व मोटरी बदलण्याचे काम अंगावर घ्यावे लागले. जपानात ती वेळ टळून गेली.

तांब्याची टंचाई आणि चौकोनी दांड्या

दाब व वारंवारता एक असूनही पिन निराळी असू शकते. भारत व ब्रिटन यांचा पुरवठा आज सारखाच आहे, २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ. तरी आपली पिन तेथे बसत नाही. मौज अशी की आपली तीन गोल दांड्यांची पिन मुळात ब्रिटिशच आहे. १९३४ च्या ब्रिटिश प्रमाणकात ती २, ५, १५ व ३० अशा निरनिराळ्या अँपिअरांसाठी लहानमोठ्या आकारांत ठरवून दिलेली होती. दिव्याला लहान, इस्त्रीला मधली, मोठ्या शेगडीला थोर, अशी ही उतरंड असल्याने गृहस्थाला एक उपकरण दुसऱ्या खोलीत नेले की जोडणी शोधावी लागे.

दुसरे महायुद्ध चालू असतानाच ब्रिटनमध्ये युद्धोत्तर घरबांधणीचा मसुदा तयार होऊ लागला. बॉम्बफेकीत लाखो घरे पडलेली किंवा मोडलेली, नवी घरे झपाट्याने उभारायची, आणि तांब्याची टंचाई. विजेच्या जोडणीविषयी नेमलेल्या समितीने १९४४ मध्ये जो अहवाल दिला, त्यात तांबे वाचविण्याची एक तजवीज होती: प्रत्येक सॉकेटसाठी मेन स्विचपासून स्वतंत्र तार न आणता, एकच तार सर्व खोल्यांतून फिरवून पुन्हा मूळ जागी आणावी, म्हणजे त्या वलयावरील प्रत्येक सॉकेटला दोन्ही बाजूंनी प्रवाह मिळतो आणि तार तुलनेने बारीक असली तरी भागते. पण अशा वलयाचा फ्यूज ३० अँपिअरचा ठेवावा लागतो, आणि टेबलावरच्या दिव्याची नाजूक तार ३० अँपिअर होण्यापूर्वीच पेटून जाईल. म्हणून दुसरी तरतूद करणे ओघाने आले: प्रत्येक पिनेच्या पोटातच त्या उपकरणाला साजेसा लहान फ्यूज असावा. अशा रीतीने १९४७ च्या प्रमाणकात चौकोनी दांड्यांची, पोटात फ्यूज असलेली, १३ अँपिअरपर्यंतच्या सर्व उपकरणांना एकच अशी ती जाडजूड पिन अवतरली. तिचे रूप ओबडधोबड खरे, परंतु तिच्यातील प्रत्येक जाडी सकारण आहे.

या वीस सदस्यांच्या समितीत एकच स्त्री होती, कॅरोलाइन हॅस्लेट. स्त्रियांमध्ये विजेच्या सुरक्षित वापराचा प्रसार करण्यासाठी १९२४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची ती चालक, आणि घरात जमिनीवर रांगणारे मूल सॉकेटच्या छिद्रांत काय काय घालू पाहते हे तिला ठाऊक होते. लहान मुलांच्या सुरक्षिततेचा तिने आग्रह धरला. ब्रिटिश पिनेची वरची दांडी लांब असते, ती आधी आत शिरून खालच्या दोन छिद्रांवरचे पडदे उघडते, आणि मगच विजेच्या दांड्यांना वाट मिळते. मुलाने सुई वा खिळा खुपसला तरी तो पडद्यावरच अडतो. घरगुती वस्तूंच्या इतिहासात इतकी साधी आणि इतकी सदय योजना क्वचितच आढळेल.

ज्या वर्षी ही पिन मंजूर झाली त्याच वर्षी भारत स्वतंत्र झाला. येथील शहरांत तोपर्यंत जुन्या पद्धतीची जोडणी झालेली होती, तांब्याची वलये अंथरण्याचा प्रश्न येथे त्या रूपात आला नव्हता, आणि पुढे गावोगावी वीज पोहोचली ती जुन्या पिनेसह. म्हणून ब्रिटनने टाकलेली पिन भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत राहिली. आपल्या प्रमाणकात ती ६ व १६ अँपिअरांची झाली, आणि आपला वायरमन मोठ्या सॉकेटला अजून 'पॉवर पॉइंट'च म्हणतो. सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग व दुबई यांनी मात्र नवी ब्रिटिश पिन घेतली, त्यामुळे दुबईहून रत्नागिरीस आलेल्या इस्त्रीला दाब जुळतो, वारंवारता जुळते, आणि पिनेसाठी जोडणी आणावी लागते. सॉकेटचे पडदे आपल्याकडेही अलीकडच्या पुष्कळ बनावटींत असतात. ते पन्नास वर्षे आधी सक्तीचे व्हावयास हवे होते, असे मला वाटते.

न्हाणीघराची गोष्टही याच जातीची. ओल्या अंगातून वीज सहज वाहते, हा धोका सर्वत्र सारखा, उत्तरे निराळी. ब्रिटनने साधे सॉकेट न्हाणीघराबाहेरच ठेवले आणि ओल्या हाताने बटणाला स्पर्श होऊ नये म्हणून दोरी लोंबविली. अमेरिकेने सॉकेट बेसिनजवळ राहू दिले, पण १९७५ पासून तेथे असे साधन सक्तीचे केले की काही सहस्रांश अँपिअर प्रवाह भलत्या वाटेने, म्हणजे माणसाच्या देहातून, निसटू लागताच वीज क्षणार्धाहून कमी वेळात तुटावी. आपल्याकडे गीझरचे बटण पुष्कळदा दाराबाहेर असते.

दोन तोट्यांचे बेसिन

लंडनच्या बेसिनवरील दोन तोट्यांचे मूळ ज्याला शोधावयाचे असेल त्याने मुंबईच्या चाळीतील पिंपाकडे पाहावे. एकोणिसाव्या शतकात लंडनला पाणी पुरविणाऱ्या खाजगी कंपन्या दिवसाचे काही तासच पाणी सोडीत, म्हणून प्रत्येक घरात साठवणीची टाकी आवश्यक झाली. शतकाच्या अखेरीस पुरवठा अखंड झाला, तरी टाकी माळ्यावर कायम राहिली, आणि पाणी तापविण्याची व्यवस्था तिच्यावरच बसविली गेली: माळ्यावरच्या उघड्या टाकीतून पाणी खाली तांब्याच्या पिंपात उतरते, तेथे तापते आणि गरम तोटीला येते. स्वयंपाकघरातील गार तोटी मात्र सरळ रस्त्यावरच्या नळाला जोडलेली.

आता ही दोन पाणी एकत्र आणावीत तर दोन अडचणी. एक म्हणजे रस्त्याच्या नळाचा दाब माळ्यावरच्या टाकीच्या दाबाहून पुष्कळ अधिक, त्यामुळे गार पाणी गरम नळीतच घुसू पाहते. दुसरी याहून गंभीर. उघड्या टाकीतले पाणी पिण्याच्या योग्यतेचे मानलेले नसते, तीत धूळ पडते, प्रसंगी पाखरू मरून पडते. आणि रस्त्याचा नळ फुटला किंवा आगीच्या बंबाने एकदम पाणी ओढले की नळातील दाब उतरून घराघरांतील पाणी उलटे शोषले जाऊ शकते. एका घरचे दूषित पाणी साऱ्या गल्लीच्या पिण्याच्या पाण्यात मिसळू नये, यासाठी पाणीकंपन्यांच्या नियमांनी दोहोंच्या मिश्रणास मनाई केली. वीतभर अंतरावरच्या दोन तोट्या हे त्या मनाईचे दृश्य रूप होय. अमेरिकेत पाणी तापविण्याची बंद टाकी नळाच्याच दाबाखाली ठेवण्याची रीत पडली, म्हणून गरम व गार यांचा दाब समान आणि तोटी एकच. ब्रिटनमध्ये तशा बंद टाकीला १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मुभाच नव्हती. आता नव्या घरांत एकच तोटी असते. जुन्या घरांत दोन आहेत, आणि न्हाणीघरातील पाणी पिऊ नये हे तेथील आजी नातवंडांना अजून सांगते.

विहार तलावाचे पाणी मुंबईस १८६० मध्ये आले, तरी बहुतेक वस्त्यांना पाणी आजही ठरावीक तासच मिळते. म्हणून गच्चीवर टाकी, आणि स्वयंपाकघरात एक तोटी पालिकेच्या नळाची व दुसरी टाकीची, ही आपली व्यवस्था आणि लंडनची जुनी व्यवस्था या एकाच गरजेतून निघाल्या आहेत.

कप, वाटी आणि राणी ॲनचा गॅलन

वजनमापांकडे वळल्यास असे दिसते की येथे जुनेपणा धरून बसली ती अमेरिका. राणी ॲनच्या कारकिर्दीत, १७०७ मध्ये, द्राक्षमद्याचा गॅलन २३१ घनइंचांचा ठरविण्यात आला, आणि अमेरिकन वसाहतींत तोच रुळला. स्वातंत्र्यानंतर त्यांनी तो तसाच ठेवला. ब्रिटनने १८२४ मध्ये नवा कायदा करून १० पौंड पाण्याच्या आकारमानाचा, म्हणजे सुमारे ४.५५ लिटरचा, नवा गॅलन जाहीर केला. त्यामुळे गॅलनचा आठवा हिस्सा जो पाइंट, तो अमेरिकेत ४७३ मिलिलिटरांचा आणि ब्रिटनमध्ये ५६८ चा. अमेरिकन पाककृतीतील कप हा तेथील अर्धा पाइंट, सुमारे २३७ मिलिलिटर. ऑस्ट्रेलियातील कप २५० चा, जपानी स्वयंपाकातील २००, आणि तांदळाच्या विजेच्या भांड्याबरोबर येणारा जपानी कप जुन्या मापाप्रमाणे १८० चा. मोठा चमचा इतरत्र १५ मिलिलिटरांचा, ऑस्ट्रेलियात २०.

१८९६ मध्ये बॉस्टनच्या पाकशाळेची मुख्याध्यापिका फॅनी फार्मर हिने आपल्या ग्रंथात काठोकाठ सपाट केलेल्या कप-चमच्याचा आग्रह धरला, आणि अमेरिकन स्वयंपाक कपावर पक्का झाला. ब्रिटिश गृहिणी पीठ तोलीत राहिली. तोलणे अधिक अचूक हे उघड आहे, कारण चाळून हलक्या हाताने भरलेला मैद्याचा कप १२० ग्रॅम भरतो, तर दाबून भरलेला १५० च्या घरात जातो, आणि केकला एवढा फरक सोसत नाही.

आपल्या वाटीचे मात्र निराळे. एक वाटी रवा, एक वाटी साखर, दोन वाट्या पाणी या मापात वाटी केवढी याला महत्त्व नसते, कारण सर्व घटक तिच्यानेच मोजले जातात आणि प्रमाण अबाधित राहते. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'सारखे वाटी-चमच्याचे पुस्तक सॅन होझेतील स्वयंपाकघरात तितकेच उपयोगी पडते ते यामुळे. प्रमाण मोडते ते अंडे अथवा यीस्टचे पाकीट यांसारख्या, वाटीबरोबर लहानमोठे न होणाऱ्या वस्तू आल्या म्हणजे.

वस्तूंची नावे

नावांची तफावत बहुतांशी याच नियमाने समजते. दूध, पाव, सुरी यांना इंग्लंडात व अमेरिकेत एकच नावे आहेत, कारण हे शब्द जहाजांबरोबर आधीच गेले होते. १७७६ नंतर जी वस्तू आली तिचे बारसे पुष्कळदा दोन्हीकडे वेगवेगळे झाले. लिफ्टला एलेव्हेटर, टॉर्चला फ्लॅशलाइट, पेट्रोलला गॅस. मराठीने इंग्रजी अमलातून ब्रिटिश नावे घेतली, आणि अमेरिकेत गेलेल्या मराठी माणसाला ती तेथे सोडावी लागतात. यांतील एक फरक स्वयंपाकाला बाधतो: आपण ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो ते मक्याचे पांढरे सत्त्व, तेथे त्याचे नाव कॉर्नस्टार्च, तेथील कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचे पीठ, त्याने सूप तसे दाटत नाही. आपल्या घरात तर पोर्तुगीजांची चावी, बादली व बटाटा, फारसीतला दरवाजा आणि अरबीतली खुर्ची ही सारी ज्या काळी जो आला त्याच्या क्रमाने शेजारी शेजारी नांदत आहेत.

एकमत कोठे शक्य होते

जगभर एकच पिन असावी म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाने १९८६ मध्ये एक नमुना प्रसिद्ध केला. ब्राझीलने थोड्या फेरफाराने तो स्वीकारला, दक्षिण आफ्रिकेने नव्या बांधकामासाठी मान्य केला. युरोपने तो घेतला नाही. युरोपातील २२० आणि ब्रिटनमधील २४० व्होल्ट यांचा मेळ घालण्याची वेळ आली, तेव्हा दोन्हींसाठी २३० ही संख्या जाहीर झाली, आणि ब्रिटनमध्ये १९९५ पासून तिच्या वर १० टक्के व खाली ६ टक्के अशी मोकळीक ठेवण्यात आली, म्हणजे सुमारे २१६ ते २५३. जुने दोन्ही आकडे या मर्यादेत बसत असल्याने बहुतेक ठिकाणी एकही यंत्र हलवावे लागले नाही. भिंतींशी गाठ पडली म्हणजे कायद्यालाही असे वळसे घ्यावे लागतात.

याउलट, युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या मोबाइल फोनांना यूएसबी-सी हे एकच छिद्र सक्तीचे केले, आणि कारखानदारांची कुरबुर असूनही तो नियम अमलात आला. फोन तीनचार वर्षांत बदलला जातो, म्हणून जुन्या छिद्रांचे फोन तेवढ्याच अवधीत आपोआप निकालात निघतात. भिंतीतील जोडणी चाळीस-पन्नास वर्षे टिकते, तिच्यासाठी कारखान्यांना दोन पिढ्या दोन्ही प्रकार बनवीत राहावे लागते, आणि या मधल्या काळात प्रत्येक घराला दोहोंचा खर्च पडतो. तो खर्च कोणी सोसावा यावर आजवर देशादेशांत तडजोड झालेली नाही.